घराजवळ मोहोळ किंवा गांधीलमाश्यांचं घर दिसलं तर: आधी काय, नंतर काय

छज्ज्याखाली मोहोळ दिसलं की मुंबईतल्या बऱ्याच सोसायट्यांत एकच क्रम चालतो. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, दुसरं कोणी पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर देतं, संध्याकाळी फवारणी होते. रात्रभर चवताळलेल्या माश्या वरच्या-खालच्या घरांत शिरतात, सकाळी पॅसेजमध्ये मेलेल्या माश्यांचा सडा पडतो आणि काही आठवड्यांत त्याच कोपऱ्यात नवं मोहोळ लागतं. पैसे गेले, माश्या मेल्या, धोका होता तिथेच राहिला.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. कोणती माशी आहे हे बघण्याआधी औषध मागवलं जातं, लोकांना सांगण्याआधी धूर केला जातो आणि मोहोळ काढल्यावर जागा तशीच सोडून सगळे घरी जातात. खालचे टप्पे क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा. बऱ्याचदा तिसऱ्या टप्प्यावरच लक्षात येईल की काढायची गरजच नाही.

## तयारी: मोहोळ दिसण्याआधीच करून ठेवायची कामं

घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा. आधी कधी माशी चावल्यावर अंगभर गांधी उठल्या होत्या का, ओठ-जीभ सुजली होती का, दम लागला होता का, चक्कर आली होती का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाने डॉक्टरांना भेटून पुढच्या वेळी काय करायचं, कोणतं औषध जवळ ठेवायचं हे आत्ताच ठरवून घ्यावं. घरकामाला येणाऱ्या ताई, ड्रायव्हर आणि वॉचमन यांनाही विचारा. गच्चीवर, गेटवर, जिन्यात तेच जास्त वेळ असतात.

चोवीस तास अपघात विभाग चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे माहीत असू द्या. सायन, परळ, मुंबई सेंट्रल, विलेपार्ले या भागांत सायन, केईएम, नायर, कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालयं आहेत. इतरत्र राहत असाल तर आपल्या भागातलं शोधून ठेवा. 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर, 101 अग्निशमन दलाचा, 1916 पालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाचा. हे तीन नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा.

आणि खिडक्यांना डासांची बारीक जाळी बसवून घ्या. कबुतरांच्या जाळीतून मधमाशी आरामात आत येते, त्या जाळीच्या भरवशावर राहू नका.

## टप्पा 1: कोण आहे ते ओळखा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहितो. ओळख लांबून करायची. मोबाइलचा कॅमेरा झूम करा, फ्लॅश बंद ठेवा, खिडकी बंद ठेवून काचेतून बघा.

आग्या मोहोळ. एकच मोठं पोळं, उघड्यावर लटकलेलं, अर्धवर्तुळासारखं. उंच इमारतीच्या छज्ज्याखाली, पाण्याच्या टाकीखाली, उड्डाणपुलाच्या पोटात, वड-पिंपळाच्या किंवा काटेसावरीच्या आडव्या फांदीला. मोठं पोळं एक मीटरपर्यंत किंवा त्याहूनही रुंद होतं. पोळं दिसतच नाही, दिसतो तो त्यावर दाटीने बसलेल्या हजारो माश्यांचा थर. काही मिनिटं बघत राहिलात तर या थरावरून एक लाट सरकताना दिसते. माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात आणि चमक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते. समोर मोठी गांधील किंवा पक्षी आला की लाटा वाढतात. लाटा वारंवार आणि जोरात उठत असतील तर मोहोळ अस्वस्थ आहे, खिडकीपासून मागे या. घराभोवतीच्या मधमाश्यांमध्ये खरी धोकादायक हीच, कारण ती एकटी येत नाही.

फुलोरी. ही मधमाशी छोटी. पोळं तळहाताएवढं किंवा फार तर जेवणाच्या ताटाएवढं, झुडपाच्या फांदीभोवती किंवा खिडकीच्या ग्रिलच्या गजाभोवती बांधलेलं. तुळशीच्या कुंडीमागे, मोगऱ्याच्या वेलात, बाल्कनीच्या कोपऱ्यात सापडते. स्वभावाने शांत. घरात आग्या मोहोळ लागल्याची हाकाटी होते तेव्हा प्रत्यक्षात अनेकदा हीच असते.

सातेरी. पोकळीत राहते. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या फटीत, न वापरलेल्या पेटीत, मीटरबॉक्समध्ये. बाहेरून पोळं दिसत नाही, एका भोकातून माश्यांची ये-जा दिसते. आत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी असतात. लाकडी पेटीत पाळतात त्या देशी माश्या याच.

पोया. जुन्या भिंतीच्या भेगेतून किंवा विजेच्या पाइपातून मेणकट, डिंकासारखी एक बारीक नळी बाहेर आलेली असते आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या घुटमळत असतात. यांना डंख नसतो. फार छेडलंत तर केसांत शिरून त्रास देतील, इतकंच. चाळीतल्या जुन्या भिंतीत या असतील तर राहू द्या. नळी बुजवू नका.

गांधीलमाशी. कंबर बारीक, पाय लांब, उडताना ते खाली लोंबतात. घर कागदी, राखाडी-तपकिरी, खालच्या बाजूने उघडी षट्कोनी घरं दिसणारं, एका बारीक काळ्या देठाला टांगलेलं. लाकूड चावून, त्यात लाळ मिसळून ती हा कागद बनवते. स्लायडिंग खिडकीचा कोपरा, एसीच्या आउटडोअर युनिटची मागची बाजू, गच्चीच्या दाराची चौकट, बंद पडलेली टपालपेटी, स्कूटरच्या सीटखालची जागा, खिळ्याला टांगलेलं हेल्मेट या तिच्या आवडीच्या जागा. सुरुवातीला चार-सहा घरं असतात आणि एकटी मादी त्यावर बसलेली असते. ती मधूनमधून पोटाचं टोक देठावर घासताना दिसते. मुंग्या देठावरून वर चढू नयेत म्हणून ती तिथे एक स्राव लावते. या अवस्थेत ती फारशी भांडत नाही. पिल्लं मोठी होऊन माश्या वाढल्या की त्याच घरट्याचा राग वेगळा असतो.

हॉर्नेट, म्हणजे मोठी गांधील. आकाराने साध्या गांधिलीपेक्षा कितीतरी मोठी, गडद तपकिरी-काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा, उडताना जड घूं असा आवाज. घर ढोलीत, जमिनीतल्या पोकळीत किंवा कागदी आवरणाने झाकलेलं, आत जायला एखादंच भोक असलेलं. लहान गांधिलींच्या घरट्याभोवती ती घिरट्या घालताना दिसली तर पिल्लं पळवायला आली आहे असं समजा. तिचं स्वतःचं घर आवारात असेल तर त्याला हात लावण्याचा विचारही करू नका, थेट टप्पा 5 वर जा.

कुंभारीण आणि भुंगा. खिडकीच्या चौकटीवर, स्विचबोर्डच्या भोकात, पुस्तकांच्या कपाटामागे चिखलाचं मडकं किंवा नळ्या दिसल्या तर ती कुंभारीण. एकटी राहते, घराचं रक्षण करत नाही. आत पिल्लासाठी कोळी किंवा अळ्या कोंबून ठेवलेल्या असतात. बांबूच्या काठीत गोल भोक पाडणारा मोठा काळा भुंगा दिसायला भीतिदायक, पण नराला डंख नसतो आणि मादी हातात पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. या दोघांसाठी कोणालाही बोलवायची गरज नाही.

थवा. झाडाला किंवा ग्रिलला माश्यांचा नुसता घोळका लटकलेला आहे, पोळं नाही, सकाळपर्यंत तिथे काही नव्हतं. हा नव्या जागेच्या शोधात विसावलेला थवा. पोटात मध भरलेला असतो, राखायला पिल्लं नसतात, त्यामुळे या माश्या बऱ्याच सौम्य असतात. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत बहुतेक थवे निघून जातात.

> तपासा: पोळं एक आहे की अनेक? उघड्यावर आहे की पोकळीत? मेणाचं, कागदी की चिखलाचं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा 2: पहिल्या तासात काय करायचं

1. मोहोळाच्या बाजूच्या खिडक्या शांतपणे बंद करा. धाडकन आपटू नका, हादरा थेट पोळ्यापर्यंत जातो.
2. मुलांना आणि पाळीव कुत्र्याला त्या बाजूने हलवा.
3. वॉचमनला सांगा आणि खालची जागा रिकामी करा. गाडी पार्किंगमध्ये बरोबर खाली असेल तर माश्या शांत असताना किंवा दुसऱ्या दिवशी काढा, घाईने हॉर्न वाजवत नाही.
4. ग्रुपवर निरोप टाकताना फोटोपेक्षा जागा महत्त्वाची. ‘बी विंग, सातवा मजला, लिफ्टच्या डक्टची बाजू’ असं लिहा. आणि एक वाक्य जोडा: कोणीही फवारणी, धूर किंवा दगडफेक करू नये.

शेवटचं वाक्य अनेकजण लिहीत नाहीत आणि मग पाचव्या मजल्यावरचे काका हिटचा डबा घेऊन खिडकीत उभे राहतात.

> सावधान: डासांसाठी होणारी धूरफवारणी, गवत कापण्याचं यंत्र, ड्रिल, ड्रोन आणि पतंगाचा मांजा, या पाच गोष्टी आग्या मोहोळाला उठवतात. आवारात यातलं काही ठरलेलं असेल तर आधी ते थांबवा.

## टप्पा 3: राहू द्यायचं की काढायचं, ते ठरवा

निर्णय तीन गोष्टींवर घ्या: माशी कोणती, माणसांपासून अंतर किती, आणि तिथे डंखाची ॲलर्जी असलेलं कोणी आहे का.

पोया, कुंभारीण, भुंगा, थवा: राहू द्या. फुलोरी: हात लागण्याच्या जागेत नसेल तर राहू द्या. सातेरी: वाटेत नसेल तर राहू द्या, असेल तर जिवंत हलवता येते. गांधील: डोक्यावर, दाराच्या चौकटीत, रोज हात जातो तिथे असेल तर काढा, दूरच्या कोपऱ्यात असेल तर सोडा. गांधिली आपल्या कुंड्यांमधल्या अळ्या उचलून नेतात.

खरा पेच आग्या मोहोळाचा. पंधराव्या मजल्यावरच्या छज्ज्याखाली, जिथे कोणाची खिडकी पाच-सहा मीटरच्या आत उघडत नाही, तिथलं मोहोळ काढण्यापेक्षा ठेवणं जास्त सुरक्षित, असं माझं स्पष्ट मत आहे. या माश्या कायमच्या राहायला येत नाहीत. पावसाळा ओसरल्यावर येतात, फुलोरा संपला किंवा पाऊस लागला की पोळं सोडून निघून जातात. काही आठवडे ते काही महिने, एवढाच प्रश्न असतो. शाळेच्या दारावर, पाळणाघराच्या खिडकीत, रुग्णालयाच्या वॉर्डबाहेर, वृद्ध किंवा ॲलर्जी असलेल्या माणसाच्या बाल्कनीत ते असेल तर मात्र वाट बघू नका.

मोहोळ झाडावर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फांदी तोडून मोहोळ घालवायची कल्पना कोणीतरी मांडतोच. महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे झाड किंवा फांद्या तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि माश्या बसलेल्या असताना फांदीवर करवत चालवणं म्हणजे मोहोळ स्वतःहून अंगावर घेणं.

## टप्पा 4: राहू द्यायचं ठरलं तर

दिवे. आग्यामाश्या रात्री उजेडाकडे येतात. मोहोळाच्या बाजूच्या खोलीत ट्यूबलाइट चालू आणि खिडकी उघडी असेल तर माश्या आत येणारच. हा हल्ला नसतो, त्या दिव्याभोवती गरगरतात, दमून खाली पडतात आणि सकाळी अनवाणी पायाखाली येतात. मोहोळ असेपर्यंतचे बरेच डंख असे तळपायाला बसतात. त्या खोलीत अंधार पडण्याआधी पडदे ओढा, जाळी लावा, पांढऱ्याऐवजी मंद पिवळा दिवा वापरा. सकाळी उठल्यावर आधी चपला, मग झाडू. दिवाळीत त्या बाजूला आकाशकंदील आणि माळा लावू नका, रॉकेटची जागा आवाराच्या दुसऱ्या टोकाला न्या.

आत आलेली एकटी माशी मारू नका. खिडकी बंद करा, खोलीतला दिवा मालवा, ती भिंतीवर बसली की वरून काचेचा ग्लास ठेवा, मागून पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बाहेर सोडा.

पाणी. मार्च ते मे मधमाश्या पाण्यासाठी घरांत येतात. एसीचं ठिबकणारं पाणी, कुंडीखालची ताटली, ओल्या कपड्यांची दोरी, स्वयंपाकघरातला गळका नळ. नळ दुरुस्त करा आणि गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा. खड्यांवर बसून पिता येतं, बुडत नाहीत. ही परात उन्हाळा सुरू होतानाच ठेवा. एकदा त्यांना तुमच्या नळाची सवय लागली की नंतर ठेवलेल्या पाण्याकडे त्या फिरकत नाहीत.

खाणं. गांधिलींना गोडाइतकंच मांस-मासळी हवी असते. खिडकीजवळच्या सिंकमध्ये बोंबील, कोळंबी साफ केली तर डोकी आणि सालं तिथेच ठेवू नका, पिशवी बांधून झाकणाच्या डब्यात टाका. आंब्याच्या दिवसांत कोयी आणि सालांचं तेच. बाल्कनीत ठेवलेला सरबताचा किंवा उसाच्या रसाचा ग्लास न बघता तोंडाला लावू नका. घशात बसलेला डंख फार वाईट.

सण. होळी पेटवण्याची जागा आधी वर बघून ठरवा. छज्ज्याखाली किंवा मोहोळ असलेल्या झाडाखाली होळी पेटली की धूर सरळ पोळ्यात जातो आणि खाली जमलेली मुलं सगळ्यात जवळ असतात. संक्रांतीला त्या विंगच्या गच्चीला कुलूप लावा.

रंगकाम. इमारतीची दुरुस्ती आणि रंग पावसाळ्यानंतर सुरू होतात, नेमके मोहोळाच्या दिवसांत. परांची बांधण्याआधी कंत्राटदारासोबत चारही बाजू दुर्बिणीने किंवा कॅमेऱ्याने बघा आणि जिथे मोहोळ आहे ती बाजू शेवटी घ्या. दोरीवर लोंबकळणाऱ्या कामगाराला पळायला जागा नसते. त्याच्या जिवाची जबाबदारी कमिटीवर आहे.

## टप्पा 5: काढायचं ठरलं तर

### आधी कोणाला बोलवायचं ते

मशाल लावून रात्री मोहोळ जाळणारा आणि मधाच्या बदल्यात फुकट काम करणारा माणूस स्वस्त वाटतो. जळत्या मशालीने छज्ज्यावरच्या वायरी, पडदे, एसीचे पाइप पेटू शकतात, माश्या मरतात आणि वाचलेल्या दिव्यांकडे धावतात. कीटकनाशक फवारणाऱ्याचीही तीच गत, वर त्या पोळ्यातला मध विषारी होतो आणि खाली पडलेला तुकडा कोणीतरी उचलून खातं.

माश्या न मारता काढणाऱ्याला बोलवा आणि फोनवर हे विचारा:

1. माश्या मारणार की हुसकावणार? कीटकनाशक वापरणार का?
2. स्मोकर म्हणजे धूर सोडायचं भांडं, अंगभर पोशाख, जाळीची टोपी, उंचीसाठी पट्टा आणि दोर आहे का?
3. आग्या माश्यांचं पुढे काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐका. ‘पेटीत भरून नेतो’ म्हणाला तर त्याला काम कळत नाही. आग्यामाशी पेटीत टिकत नाही, ती उघड्यावरच राहते. जाणकार माणूस थंड, हलका धूर देऊन माश्यांना पोळ्यावरून बाजूला सारतो, पोळं उतरवतो आणि माश्या आपणहून दुसरीकडे जातात. पेटीत नेता येते ती सातेरी. पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी प्रशिक्षण घेतलेले मधपाळ असतात, असा माणूस मिळाला तर उत्तम.

### कामाच्या दिवशीचा क्रम

1. दोन दिवस आधी सगळ्या विंगना आणि शेजारच्या सोसायटीला तारीख-वेळ कळवा. माश्यांना कंपाउंडची भिंत कळत नाही.
2. ॲलर्जी असलेल्यांनी त्या वेळेपुरतं दुसरीकडे जावं.
3. काम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या, एक्झॉस्ट फॅनची भोकं, डक्टची दारं बंद. काम अंधारात असेल तर त्या बाजूचे सगळे दिवे बंद, जिन्यातलेही.
4. खाली दोरी बांधून रस्ता अडवा, एक माणूस उभा करा. भाजीवाले, कुरिअरवाले, शाळेची बस यांची वेळ टाळा.
5. काम झाल्यावर पुढचा पूर्ण दिवस खिडक्या उघडू नका. उरलेल्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत राहतात.

> सावधान: काम चालू असताना व्हिडिओ काढायला खिडकी उघडणारं कोणीतरी असतंच. निरोपात हे वेगळं लिहा.

### गांधिलीचं छोटं घर स्वतः काढायचं असेल तर

हे चारही जुळत असेल तरच: घरटं चार-सहा षट्कोनी घरांचं, माशी एक किंवा दोन, जमिनीवर उभं राहून हात पोहोचतो, आणि तुम्हाला ॲलर्जी नाही. संध्याकाळी उजेड गेल्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, बूट घाला. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद गुंडाळा, लाल रंग या माश्यांना जवळपास दिसत नाही, पांढऱ्या झोतावर मात्र त्या सरळ येतात. लांब काठीने देठ तोडा आणि मागे या. घाबरून पळू नका.

खिडकीबाहेर वाकून, ग्रिलवर चढून, स्टुलावर उभं राहून हे करू नका. डंखाने जेवढं नुकसान होईल त्याहून अधिक तोल जाऊन होईल.

## टप्पा 6: माश्या अंगावर आल्या तर

पळा. सरळ रेषेत, जवळच्या बंद जागेकडे: लॉबी, दुकान, काचा बंद असलेली गाडी. शर्ट किंवा ओढणी डोक्यावरून तोंडावर ओढा, डोळ्यांपुरती फट ठेवा. हात हवेत झटकू नका. माशी चिरडली किंवा डंख तुटला की एक गंध सुटतो, त्याने बाकीच्यांना जागा कळते. म्हणूनच एकीने चावल्यावर पाठोपाठ दहा येतात.

पाण्याच्या टाकीत किंवा तलावात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत राहतात. गर्दीकडे पळू नका. दुसऱ्या कोणावर हल्ला झालेला दिसला तर त्याच्याकडे धावण्याआधी चादर, ताडपत्री, रेनकोट जे मिळेल ते घ्या आणि त्याच्यावर टाका. माणसं अडकली असतील तर 101.

आत पोहोचल्यावर कपडे बदला. त्यांना तो गंध लागलेला असतो, त्याच शर्टात पुन्हा बाहेर गेलात तर पुन्हा त्या येतील.

## टप्पा 7: डंख बसल्यावर

1. मधमाशीचा डंख कातडीत राहतो आणि त्याला लागलेली पिशवी विष ढकलत राहते. तो लगेच काढा. नखाने, कार्डाच्या कडेने, चिमटीने, कसाही. पद्धत शोधण्यात वेळ घालवणं ही मुख्य चूक. गांधील डंख मागे सोडत नाही, ती पुन्हा पुन्हा चावू शकते, तेव्हा तिच्यापासून आधी लांब व्हा.
2. हाताला चावली असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा. सूज आल्यावर अंगठी कापावी लागते.
3. साबण-पाण्याने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून 10-15 मिनिटं ठेवा.
4. चुना, टूथपेस्ट, माती काही लावू नका. चुन्याने कातडी भाजते. लोखंड घासल्याने विष उतरत नाही.
5. किमान अर्धा-पाऊण तास त्या माणसाला एकटं सोडू नका.

डंखाच्या जागेची सूज एक-दोन दिवस वाढत जाणं नेहमीचं आहे. पण डंखापासून दूर अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ-डोळे सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, उलट्या, घेरी यातलं काहीही दिसलं तर ती जीवघेणी ॲलर्जी समजा. घरात गोळी देऊन वाट बघू नका. माणसाला आडवं करून पाय उंच करा, दम लागत असेल तर बसवा, उभं करून चालवू नका, 108 ला फोन करा किंवा जे वाहन मिळेल त्याने अपघात विभागात न्या. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीत देतात, त्यावरच जीव वाचतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. बरं वाटल्यावरही डॉक्टर थांबवून ठेवतील तोवर थांबा, लक्षणं काही तासांनी परत उलटू शकतात.

अनेक डंख बसले असतील तर ॲलर्जी नसली तरी रुग्णालयात जा. लहान मूल आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर आकडा मोजत बसू नका. खूप विष गेलं तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो. लघवी कमी झाली किंवा चहासारखी गडद झाली तर तातडीने दाखवा. तोंडात किंवा घशात डंख बसला असेल तर बर्फ चोखत थेट रुग्णालय गाठा, डोळ्याला बसला असेल तर चोळू नका.

## टप्पा 8: जागा पुन्हा लागू नये म्हणून

मोहोळ उतरलं, माश्या गेल्या, आणि छज्ज्यावर मेणाचा पट्टा तसाच राहिला. त्या वासावर पुढचा थवा तिथेच येतो, शिवाय आग्यामाश्या वर्षानुवर्षं त्याच जागांकडे परततात. त्यामुळे हे काम मोहोळ काढणाऱ्याकडूनच, त्याच दिवशी ठरवून घ्या.

1. चपट्या पत्र्याने मेण आणि पोळ्याचे तुकडे पूर्ण खरवडा. भिंतीतली पोकळी असेल तर आतलं पोळंही काढा. आत राहिलेला मध पाझरतो, मुंग्या आणि उंदीर येतात, मेणकिडा लागतो.
2. गरम पाणी आणि डिटर्जंटने जागा घासा.
3. पूर्ण कोरडी झाल्यावर रंगाचा हात द्या.
4. पोकळीचं तोंड सिमेंटने बुजवा, पण आत एकही माशी उरली नाही याची दोन-तीन दिवस खात्री करून घेतल्यावरच. जिवंत माश्या कोंडल्या की त्या घराच्या आतल्या बाजूने वाट काढतात, स्विचबोर्डातून, फॉल्स सीलिंगमधून.
5. एसी युनिटची मागची बाजू, टपालपेटी, मीटरबॉक्स आणि एक्झॉस्टच्या भोकांना बारीक जाळी बसवा.

गच्ची, छज्जे आणि टाकीची खालची बाजू वर्षातून दोनदा तरी फिरून बघा. एकदा ऑक्टोबरमध्ये, दिवाळीची रोषणाई लावण्याआधी. दुसऱ्यांदा जानेवारीच्या सुरुवातीला, संक्रांतीसाठी गच्चीचं दार उघडण्याआधी. गांधिलीसाठी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खिडक्यांचे कोपरे बघा, चार घरांचं घरटं तेव्हाच सापडतं. कुठे काय दिसलं, ते कधी गेलं, हे वॉचमनच्या वहीत तारखेसह लिहायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या कमिटीला कोणत्या छज्ज्यापासून सुरुवात करायची ते कळेल.